सदतीस अंशांचा राग

मित्रांनो, मी एक जुना इन्क्युबेटर आहे आणि गोड बोलायची हौस मला आता उरलेली नाही. क्षयाच्या तपासणीच्या प्रयोगशाळेत काचेच्या दाराचं एक लोखंडी कपाट आहे, ते मी. रोग्यांच्या बेडक्याचे नमुने नळ्यांत भरून माझ्या पोटात ठेवतात. मी त्यांना सदतीस अंशांची ऊब देतो. त्या उबेत जंतू वाढले की नळी गढूळ होते. हे जंतू महाआळशी. वाढायला आठवडेच्या आठवडे घेतात, आणि तोवर शिव्या मात्र मला.

कारखान्यातून नवा आलो तेव्हा माझं दार रोज पुसलं जाई. पाहुणे आले की मला मुद्दाम दाखवत. आता माझ्या डोक्यावर रिकामी खोकी आणि कुणाची तरी मोडकी छत्री आहे. दाराचं रबर सैल झालंय. इथल्या तंत्रज्ञ बाई ते दार कोपरानं ढकलतात आणि नाही लागलं तर सरळ लाथ घालतात. तापमान बिघडलं की वाजणारा माझा भोंगाही त्यांनीच उपटला. कटकट होते म्हणे! तेव्हापासून आमचं विळ्या-भोपळ्याचं सख्य आहे.

त्यात ती पट्टी आली. बोटाएवढी, कागदाची! पूर्वी नळी गढूळ झाली तरी आतले जंतू क्षयाचे की त्यांच्या चुलत भावंडांचे, हे ठरवायला आणखी महिना जायचा. आता नळीतले चार थेंब पट्टीवर टाकायचे आणि पंधरा मिनिटं थांबायचं. दोन रेघा उमटल्या तर क्षय, एकच उमटली तर दुसरं काही. झालं, सगळे तिच्यावर लट्टू. आठवडेच्या आठवडे ऊब मी द्यायची आणि नाव हिचं! जळफळाट झाला माझा, खोटं कशाला बोलू?

एके दिवशी शिवणकाम करणाऱ्या एका बाईची नळी गढूळ झाली. ती स्वतः बाहेर बाकावर बसली होती, तोंडाला फडकं बांधून. तिचं आठ महिन्यांचं बाळ घरच्यांनी तिच्यापासून दूर, सासूजवळ ठेवलं होतं. आणि ती सासू आमच्या खिडकीशी उभी राहून तोंडाचा पट्टा चालवत होती. पोर सांभाळून माझी कंबर मोडली, सुनेला काम नको म्हणून हा खोकला, आणि तुम्ही इथं पगार घेऊन झोपा काढता. तंत्रज्ञ बाईंनी पट्टीवर थेंब टाकले आणि त्याही पदर खोचून खिडकीशी भांडायला गेल्या.

पाचच मिनिटांत पाय आपटत परत आल्या. पट्टीवर एकच रेघ होती. ब्याद टळू दे एकदाची, असं पुटपुटत त्यांनी कागदावर लिहिलं, 'क्षयाचे जंतू नाहीत.' मित्रांनो, मला आनंद झाला. त्या नळीच्या तळाशी रव्यासारखे दाणे साचले होते. असे दाणे मी हजारदा पाहिलेत, मला ठाऊक होतं हा क्षयच. म्हणजे पट्टी चुकली. बरी जिरली तिची, म्हटलं.

अकराव्या मिनिटाला दुसरी रेघ आली. आधी पुसट, मग चांगली ठसठशीत. पट्टी चुकली नव्हतीच, तिला वेळ दिला नव्हता. बाई तोवर कागद घेऊन पुन्हा खिडकीशी गेल्या होत्या. मी दाराच्या काचेतून सगळं बघतोय आणि ओरडायला माझ्याकडे भोंगा नाही!

"ऊठ आता," सासू सुनेला म्हणाली. "घे तुझं पोर."

सून रडत रडत हसली. तोंडावरचं फडकं तिनं सोडलं आणि पिशवीत कोंबलं. इकडे बाईंनी पट्टीकडे ढुंकूनही न पाहता ती कचऱ्यात टाकली.

तीन महिन्यांनी माझ्याकडे एक नवी नळी आली. नाव त्याच घरचं, वय अकरा महिने. एवढ्याशा जिवाला बेडका काढता येत नाही, म्हणून नाकातून नळी घालून पोटातलं पाणी घेतात. मी ऊब दिली. काय करणार, माझं कामच ते. वाढू नका रे मेल्यांनो, असं रोज म्हणत होतो. अठराव्या दिवशी नळी गढूळ झाली.

या खेपेला बाई पट्टीसमोरून हलल्या नाहीत. खिडकीशी भांडण नव्हतं. सासू सुनेशेजारी बाकावर बसली होती. सहाव्या मिनिटालाच दोन्ही रेघा उमटल्या, तरी बाई घड्याळाकडे बघत पुरी पंधरा मिनिटं उभ्या राहिल्या. मग खिडकीशी गेल्या.

"मागच्या वेळी चूक माझी होती," त्या म्हणाल्या. "मी थांबले नाही."

पोर वाचेल ना, असं सासूनं विचारलं. औषध आहे, आई आणि पोर, दोघांचंही आजच सुरू करा, असं बाईंनी सांगितलं.

मित्रांनो, मला पुसू नका, उद्या भंगारात काढा, माझी तक्रार नाही. पण ज्या कामाला पंधरा मिनिटं लागतात, त्याला पंधरा मिनिटं द्या. खिडकीशी ऐकलं, ते बाळ रोज सकाळी कडू औषध थुंकून टाकतं, आणि त्याची आई त्याचे हात धरून ते पुन्हा पाजते.