फळ्यावरची राही

शिमग्यात पालखी बसते त्या सहाणेच्या भिंतीला फळा होता. एरवी वर्षभर तिथे पुरुषमंडळी विडी ओढत बसत आणि महिपत मास्तरांनी सकाळी लिहिलेलं वाचत. शाळेतून मोकळे झाल्यापासून मास्तरांनी हा नेम धरला होता. सगळ्यात वर सुविचार, मग एक अवघड शब्द नि त्याचा अर्थ, मग आजच्या दिवशी कोण थोर माणूस जन्मला ते, आणि शेवटी गावची बातमी. कुणाची गाय व्याली, कुणाला गिरणीत काम लागलं, कुणाच्या घरी मुलगा झाला.

सहाणेसमोर बाईमाणसाने उभं राहून वाचायचं नसे. कुणी तसं सांगितलं नव्हतं, पण कुणी उभी राहतही नसे. तुळसा माहेरी तिसरीपर्यंत शिकलेली. बावीवर पाण्याला जाताना, चाल न मोडता, ती एक ओळ वाची. चार ओळींना चार खेपा.

"तुळशे," सासू म्हणे, "एवढं पाणी कुणाला गो? गोठ्यात हत्ती बांधलाय काय?"

तुळसा हंडा उतरवी आणि चुलीकडे वळे. एकदा फळ्यावर शब्द होता ‘उत्कंठा’, आणि पुढे अर्थ, ‘वाट बघताना जीव लागून राहतो ती.’ दिवसभर भाकऱ्या थापताना तिला नवल वाटलं. याला नाव आहे म्हणजे हे आणखी कुणाकुणाला होत असणार.

तिचा नवरा शिवा मुंबईला गेला तेव्हा तिला सातवा महिना होता. शिमग्याला आला नाही, गणपतीला आला नाही. गिरणीत माणसं कमी करत होते. रजा मागावी तर जागाच जायची. त्याची पत्रं सासऱ्यांच्या नावाने येत, ‘वडिलांस साष्टांग नमस्कार, लहानांस आशीर्वाद.’ ती मोठ्यांत नव्हती आणि लहानांतही नव्हती. सासऱ्यांनी त्याला कळवलं होतं, मुलगी झाली, दोघी बऱ्या आहेत, भात बरं आहे. बारशाला नाव राही ठेवलं, ते कळवायचं राहून गेलं. त्यानंतरची सगळी कार्डं बैलाच्या दुखण्यात गेली.

पण फळा मुंबईला जात असे. महिनाअखेर मास्तर सगळं एका मोठ्या कागदावर उतरवून परळला गावची गिरणीतली माणसं राहत त्या गावकीच्या खोलीवर पाठवत. तिथे तो कागद मोठ्याने वाचला जाई आणि सगळे ऐकत. शिवाही.

पौषात राहीला वर्ष भरलं. त्या सकाळी तुळसा हंडा बाजूला ठेवून, पोरीला कडेवर घेऊन मास्तरांपुढे उभी राहिली. सहाणेवर अजून कुणी आलं नव्हतं.

"मास्तर, आज हिचा वाढदीस. बातमीत लिवाल?"

मास्तरांनी चष्म्यावरून पाहिलं. "घरचा कर्ता सांगेल तीच बातमी लिहायची, असा नेम आहे बाय. सासऱ्याला पाठव, दादूला."

"मामा नाय सांगायचे. पोरीचं काय सांगायचं, म्हणतील."

"मग माझाही नाइलाज."

"बातमी नको तर," तुळसा म्हणाली. "वरच्या ओळीत लिवा. आज कोण जन्मलं त्यात. तिथं कुणाला इचारावं लागत नाय ना?"

"तिथे थोर माणसं जन्मतात."

"जन्मतात त्या दिवशी एवढीच असतात की."

मास्तर हसले नाहीत. त्यांनी पोरीकडे पाहिलं, मग हातातल्या खडूकडे. "बापाचं नाव लिहिलं तर ती घरची बातमी होईल. नुसतं नाव लिहितो." आणि त्यांनी लिहिलं, ‘आज राही यांचा जन्म.’

त्या दिवशी तुळसाने पाण्याच्या सहा खेपा केल्या.

कागद मुंबईला गेला. माघ उजाडला, तशी ती रोज शेवटच्या ओळीची खेप आधी करू लागली; मुंबईची खबर आली तर तिथेच येणार होती. राहीला पाऊल फुटलं होतं, चार दात आले होते. शिवा येईल, परका बाप्या म्हणून त्याने उचलताच ही रडेल, एवढंच तुळसाला रोज वाटे. रडू दे, पण उचलू दे.

एक दिवस शेवटच्या ओळीत होतं, ‘मुंबईच्या खोलीत राही यांची जयंती रविवारी साजरी झाली. नारळ शिवा मांडवकर यांनी वाढवला. खडीसाखर वाटली.’

तुळसा डोक्यावर हंडा घेऊन तिथेच थांबली. सहाणेवर तिघे बसले होते, त्यांनी विडी तोंडातून काढली. तिला आधी हसू आलं. मुंबईच्या माणसांना वाटलं होतं, कुणी मोठी साध्वी असेल. पाट मांडला असेल, फूल वाहिलं असेल, त्याने हात जोडले असतील. पोटच्या पोरीला हात जोडून तो सोमवारी गिरणीच्या पाळीवर गेला असेल, ठाऊक नसताना. मग तिला हंड्याचा भार सोसवेना. तिने तो खाली उतरवला.

फळ्यापाशी उभे असलेले मास्तर जवळ आले. "चूक माझी," ते हळू म्हणाले. "पुढल्या कागदात खुलासा देतो."

"तो कागद जायला अजून किती दीस?"

"अकरा."

"तर आजच लिवा."

मास्तरांनी बसलेल्या तिघांकडे पाहिलं, घरच्या कर्त्याचा नेम आठवला असावा, आणि खडू तिच्यापुढे धरला. "मी लिहिणार नाही. तू लिहिलंस तर पुसणारही नाही. कागदावर मात्र जसंच्या तसं उतरवीन."

नवऱ्याचं नाव ती तोंडाने कधी घेत नसे. लिहायला तोंड लागत नाही. तिसरीतली मोठी, वाकडी अक्षरं काढत तिने लिहिलं, ‘राही शिवा मांडवकर. एक वर्ष झालं. चार दात. चालते.’

"दादूची सून ना गो ती?" मागून कुणी म्हणालं. "म्हातारा आता काय म्हणतो बघूया."

तिने मागे पाहिलं नाही. घरी जाऊन पोरीला घेऊन आली. फळ्यावर बापलेकीची नावं शेजारी शेजारी होती. माणसं अजून एका घरात एकदाही आली नव्हती. राहीने पांढऱ्या अक्षरांवर हात टाकला. तुळसाने तो मनगटापाशी अलगद धरला, आणि धरूनच उभी राहिली.