पहिल्या बॅचमधले मिस्त्री

"एक, दोन, तीन," मिस्त्री तोंडातल्या तोंडात मोजत होते. दोन्ही तळवे फरशीवर, कंबर उचललेली आणि पाय अंगाभोवती फिरत चाललेले. चारला डावा पाय आत ओढला, पाचला तोल सावरला आणि सहाला टाच टेकवली, तेव्हा टाचेखालची लादी हलली.

मिस्त्री जागच्या जागी थिजले. तीस वर्षं लाद्या बसवणाऱ्या माणसाला लादी हलली म्हणजे काय झालं, ते कळायला खाली बघावं लागत नाही. तरी त्यांनी बघितलं. दातांच्या डॉक्टरांच्या नव्या दवाखान्याचा तो बाहेरचा हॉल. अर्धी फरशी कालची, वाळून घट्ट झालेली. अर्धी आज सकाळची, खालचा सिमेंटचा माल अजून ओला. कालच्या भागात फेरे घेता घेता सरकत सरकत आपण सकाळच्या भागात कधी शिरलो, ते त्यांना कळलंच नव्हतं. पाच लाद्या खचल्या होत्या. एकीचा कोपरा तर असा वर आला होता, की पहिल्याच पेशंटला ठेच लागून त्याचे दात पडावेत आणि डॉक्टरांचा धंदा दारातच सुरू व्हावा.

हसायला मात्र तिथे कोणी नव्हतं. बायको सांधे भरायची पावडर आणायला दुकानात गेली होती. माल कालवणं आणि सांधे भरणं ही तिची कामं. बावीस वर्षं दोघं मिळूनच फरशा करत होते. ती येईपर्यंत दहा मिनिटं मिळाली, एवढ्यात दोन फेरे होतील, असा मिस्त्रींचा हिशेब होता.

हे खूळ डोक्यात शिरलं ते मागच्या वर्षी. एका डान्स क्लासच्या हॉलची फरशी त्यांनी केली होती. काम संपल्यावर क्लासची बाई बघायला आली. बाई कसली, पोरगीच, पंचवीस-सव्वीसची. लोक फरशी बघतात ती उभ्याने. बुटाच्या टोकाने ठोकतात, डाग शोधतात, सापडला की त्यांना बरं वाटतं. ही चक्क खाली बसली. तळहात फिरवला आणि त्याच हातावर अंग तोलून गर्रकन फिरली. उठून म्हणाली, "काका, कुठंच अडकलं नाही." मिस्त्रींच्या कामाची अशी पारख उभ्या आयुष्यात कोणी केली नव्हती. "हे असं यायला किती दिवस लागतात?" त्यांनी विचारलं. बाईने त्यांच्या पांढऱ्या मिशांकडे बघितलं आणि म्हणाली, "ते माणसावर आहे." झालं. सत्तेचाळिसाव्या वर्षी मिस्त्री ब्रेकडान्स शिकायला लागले.

तिथे नवशिक्यांची पहिली बॅच तीन महिन्यांची. शेवटच्या दिवशी सगळे गोल करून उभे राहतात, गाणं लागतं आणि एकेकाने मध्ये जाऊन सिक्स स्टेप करून दाखवायची. हात जमिनीवर, पाय सहा पावलांत अंगाभोवती एक पूर्ण फेरा. मिस्त्रींच्या पहिल्या खेपेच्या शेवटच्या दिवशी त्यांचं पोट बिघडलं, निदान त्यांनी तसं कळवलं. दुसऱ्या खेपेला ते गोलात उभे राहिले खरे, पण पाळी यायच्या आत पाणी प्यायला म्हणून गेले ते थेट घरी पोचले. दोन्ही वेळेला बरोबरची पोरं पुढच्या बॅचला गेली. मिस्त्री आपले पहिल्याच बॅचमध्ये.

आज त्यांच्या तिसऱ्या खेपेचा शेवटचा दिवस होता. संध्याकाळी सहाला. आणि यावेळी नुसत्या भीतीचा प्रश्न राहिला नव्हता. हाडांच्या डॉक्टरांनी महिन्यापूर्वी सांगितलं होतं, गुडघे झिजलेत, खाली बसून काम फार तर दोन वर्षं. म्हणजे फरशीवर जे काही करायचं ते दोन वर्षांत. तीस वर्षं लोकांच्या घरांत गुडघे टेकले, एकदा तरी स्वतःच्या हौसेसाठी टेकावेत, एवढंच मिस्त्रींना वाटत होतं. ते वाटणं इतकं खोल होतं, की बायकोलाही त्यांनी ते कधी सांगितलं नव्हतं.

बायको आली. पिशवी खाली ठेवली, लाद्यांकडे बघितलं, मग त्यांच्या तळव्यांकडे.

"नाचलात?"

"थोडंसं."

"ओल्यावर?"

"सुरुवात कोरड्यावर केली होती."

तिने बाह्या वर केल्या, थापी उचलली आणि पहिली लादी कडेने सोडवायला घेतली. ती चिडली की बोलत नाही. ती बोलत असती तर मिस्त्रींना बरं वाटलं असतं. पाचही लाद्या उचलायच्या, खालचा माल खरवडायचा, नवा कालवायचा, परत बसवायच्या, रबरी हातोडीने ठोकून पोकळ आवाज येतोय का ऐकायचं. सकाळी तासाभरात झालेलं काम आता तीन तास खाणार होतं.

"बस झालं," तिसऱ्या लादीला मिस्त्री म्हणाले. "आज जात नाही. इथून पुढंही नाही."

"लेव्हल द्या."

"ऐकलंस का?"

"ऐकलं. लेव्हल द्या."

त्यांनी लेव्हलची पट्टी पुढे केली. "लोकांचं काम नासवून कसला नाच? माझं वय काय, मी करतोय काय. पोरं हसतात ते काही उगाच नाही."

"पोरं हसतात म्हणून सोडताय, का आज पाळी आहे म्हणून?"

मिस्त्रींनी हातोडी खाली ठेवली. बायको बावीस वर्षं शेजारी बसून काम करत असली, की माणसाला थाप मारायची सोय उरत नाही.

"भीती वाटते गं," ते म्हणाले. "सगळ्यांच्या मध्ये गेलो आणि पडलो तर?"

"पडाल की. खालीच तर असता. तिथून पडून पडून जाणार कुठं?"

मिस्त्रींना हसू आलं. तिला आलं नाही. ती लेव्हलमधल्या बुडबुड्याकडे बघत होती.

"दोनदा पळून आलात," ती म्हणाली. "दोन्ही दिवशी जेवला नाहीत. भिंतीकडं तोंड करून पडून राहिलात आणि विचारलं तर काही नाही म्हणालात. मला ते बघवत नाही. त्यापेक्षा पडून या."

पाचवी लादी बसली तेव्हा पावणेपाच वाजले होते. मिस्त्रींनी दातांच्या डॉक्टरांना फोन लावला. पाच लाद्या परत बसवाव्या लागल्या, चूक माझी, फर्निचर उद्याऐवजी मंगळवारी ठेवा, असं सगळं सरळ सांगितलं. कसं काय झालं, असं डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मात्र मिस्त्री "पाय पडला" एवढंच म्हणाले. ते काही खोटं नव्हतं.

घरी जायला वेळ नव्हता. दोघं हत्यारांसकट क्लासला पोचले. तिथलं काम संपल्यानंतर बायको पहिल्यांदाच येत होती. बुटांना सिमेंट लागलंय म्हणून ती दारातच उभी राहिली आणि आधी आपण भरलेले फरशीचे सांधे बघून घेतले. आत पोरं गोल करून उभी होती, बहुतेक सगळी बारा-पंधरा वर्षांची. मिस्त्री त्यांच्यात जाऊन उभे राहिले. पाळी जवळ येत गेली तशी त्यांची नजर दाराकडे वळायला लागली. पाण्याचं पिंप दाराजवळ होतं, पण आज दारात बायको होती.

"काका," बाई म्हणाली.

मिस्त्री मध्ये गेले. तळवे टेकले, कंबर उचलली. एक, दोन, तीन, चार, आणि पाचला ते कुशीवर आडवे झाले. कोणीतरी खुदकन हसलं. पडला की बाहेर यायचं आणि सगळ्यांचं झाल्यावर परत जायचं, अशी तिथली रीत होती. मिस्त्रींना ती माहीत होती. पण एकदा बाहेर आलो तर आपण परत आत जाणार नाही, हेही त्यांना पक्कं माहीत होतं. म्हणून ते उठलेच नाहीत. तिथूनच परत तळवे टेकले. या वेळी चारलाच पडले. आता कोणी हसलं नाही. उलट काही पोरं दुसरीकडे बघायला लागली, आणि ते हसण्यापेक्षा वाईट होतं.

तिसऱ्यांदा त्यांनी सुरुवात केली आणि तेवढ्यात गाणं संपलं. हॉलमध्ये एकदम शांतता झाली. बुटांचा आणि तळव्यांचा आवाज तेवढा येत होता आणि त्यावर मिस्त्रींचं मोजणं, जे आपल्याशिवाय कोणाला ऐकू येत नाही असं त्यांना वाटत होतं. तीन. डावा गुडघा कळवळला. चार, जरा थांबून. पाच. डोळ्यांत घाम गेला होता, दिसत काही नव्हतं, पण हाताखालची लादी आपली आहे हे कळत होतं. सहा.

एक हात फरशीवर आणि एक गुडघ्यावर ठेवून ते सावकाश उभे राहिले. बाईने मान डोलावली, जशी तिने सगळ्यांसाठी डोलावली होती, आणि म्हणाली, "पुढचं कोण?" दातांना तारा लावलेली एक मुलगी पुढे झाली. तिच्या शेजारच्या पोराने मिस्त्रींकडे न बघता थोडं सरकून त्यांना जागा करून दिली. मिस्त्री त्या जागी धापा टाकत उभे राहिले आणि त्यांच्या मनात आलं, की आता कोणी पाणी विचारलं तरी इथून हलायचं नाही.

शेवटी बाईने दुसऱ्या बॅचला जाणाऱ्यांची नावं वाचली. त्यात मिस्त्री नव्हते.

"काका, तिकडे न पडता सलग चार फेरे लागतात," ती म्हणाली.

"माहितीये. सोमवारी पहिलीच बॅच ना?"

"पहिलीच. तीच वेळ."

बाहेर रस्त्यावर दोघं चालायला लागले. मग बायको म्हणाली, "चारला तुमचा डावा पाय उशिरा येतो. म्हणून दरवेळी तिकडं सरकता."

"तू मोजत होतीस?"

"मग दारात उभी राहून काय करणार? सोमवारी सगळं नका करत बसू. तेवढा एक पाय बघा."

"सोमवारी डॉक्टरांकडं सांधे भरायचेत."

"ते मी भरते. साडेपाचला निघा तुम्ही."

घराकडे जाताना रस्ता ओलांडायचा लोखंडी पूल लागतो. त्याच्या जिन्यापाशी मिस्त्री थांबले. लाद्या कापायचं कटर मशीन त्यांच्या खांद्याला होतं. ते त्यांनी बावीस वर्षांत कधी तिच्याकडे दिलं नव्हतं. तिने मागितलं तरी नाही. तिने आता मागितलं नाही, नुसता हात पुढे केला. मिस्त्रींनी जिन्याकडे बघितलं, पट्टा खांद्यावरून उतरवला आणि तिच्या हातात दिला. मशीन खांद्याला लावून ती पुढे चढू लागली आणि तिच्यामागे, कठडा धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत, मिस्त्री.