सायकलबाईची रविवारची शिकवणी

ती चष्म्याच्या दुकानात कामाला होती. आठवडाभर लोकांच्या नाकावर फ्रेमा बसवून बघायची, काड्या वाकवून द्यायची, आणि रविवारी दुकान बंद असलं की आपली जुनी सायकल काढून मनसोक्त हिंडून यायची. एका रविवारी शेजारची शिंपीण फाटकात उभी राहून तिच्याकडे बघत होती. बघता बघता म्हणाली, की मला शिकवशील का, फुकट नको, ब्लाउजच्या शिलाईइतके पैसे देईन.

पगार आला की तो आधीच वाटलेला असायचा. भाडं, किराणा, विजेचं बिल. कुणाचंच नाव न लागलेले थोडे पैसे हातात यावेत, असं तिला फार दिवस वाटत होतं. तिने लगेच हो म्हटलं.

कागदाच्या गोदामामागे मोठं सिमेंटचं अंगण होतं. रविवारी तिथे चिटपाखरूही नसे. पहारेकऱ्याची परवानगी काढून तिने तिथे शिकवणी सुरू केली. तिची पद्धत सोपी होती. पान्याने दोन्ही पेडल काढून टाकायची, सीट इतकी खाली घ्यायची की दोन्ही पाय जमिनीला टेकतील, आणि मग पायांनी जमीन ढकलत पुढे जायचं. तोल सापडला की पेडल परत लावायची. शिंपीण तिसऱ्या रविवारी आधाराशिवाय चालवायला लागली आणि तिने ते गावभर केलं. मग एक नर्स आली, तिच्यामागून तिची बहीण, आणि एक पोट सुटलेला बँकेतला कॅशियर. सगळे तिला सायकलबाई म्हणू लागले.

घरात मात्र सासूबाई धुसफुसत होत्या. नवरा हॉटेलात आचारी, त्याला रविवारी श्वास घ्यायलाही फुरसत नसे. म्हणजे सुट्टीच्या दिवशी सून तरी घरात असावी, तर ती परक्या माणसांना सायकलवरून ढकलत फिरते, असं त्या येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायच्या. सून ऐकून घ्यायची. पहिल्या कमाईचं तिने सगळ्यांसाठी आइस्क्रीम आणलं, तेव्हा सासूबाईंनी दोन वाट्या खाल्ल्या आणि पुन्हा धुसफुसायला लागल्या.

एका रविवारी कॅशियर नेहमीप्रमाणे कुंपणाला जाऊन धडकला होता. त्याला सरळ करून ती वळली, तर रांगेत नर्सच्या बहिणीमागे सासूबाई उभ्या. पायात नवे कॅनव्हासचे बूट, हातात दुमडलेली नोट.

"आई, तुमच्याकडून कसले पैसे?" ती म्हणाली.

"घे मुकाट्याने. फुकट शिकवलंस तर मी एकदा पडले की मला घरी पाठवशील. पैसे घेतलेस म्हणजे शिकवावंच लागेल."

मग जरा हळू आवाजात त्या म्हणाल्या, "टेलिफोन एक्सचेंजमध्ये नोकरी केली. सगळा जन्म खुर्चीत बसून लोकांना लांबलांबच्या गावांना जोडून दिलं. स्वतः कुठे जायचं म्हटलं की आधी कुणीतरी न्यायला हवं."

तिने नोट घेतली. सासूबाई दोनदा पडल्या, एकदा पहारेकऱ्याच्या खुर्चीवर, पण रडल्या नाहीत आणि कुणाला हसूही दिलं नाही. पुढच्या काही रविवारांत त्यांना तोल सापडला. पेडल लावल्यावर सून पाठीवर हात ठेवून धावत होती. तो हात कधी सुटला हे दोघींनाही कळलं नाही. सासूबाई अंगणाला फेऱ्या मारत राहिल्या. थांबायचं कसं हे विचारायला त्यांना लाज वाटत होती, की थांबायचंच नव्हतं, ते त्यांनी कधी सांगितलं नाही.

पुढे एका रविवारी सुनेला ताप भरला. शिकवणी बंद ठेवू, असं ती म्हणेपर्यंत सासूबाई पाना घेऊन बाहेर पडल्या होत्या. दुपारी घामाघूम होऊन परतल्या आणि पलंगाच्या कडेला बसल्या.

"तुझा कॅशियर चालवायला लागला."

तिचा विश्वास बसेना. इतक्या महिन्यांत तो कुंपणाखेरीज कुठे पोचला नव्हता.

"तू फार गोड बोलतेस त्याच्याशी," सासूबाई म्हणाल्या. "मी एक्सचेंजचा आवाज लावला. खाली चाकाकडे बघू नका, पुढे बघा, लाइन सोडू नका. घाबरून गेला बिचारा. घाबरून सरळ गेला."

ती तापातही पोट धरून हसली. सासूबाईंनी पदराला हात पुसले, फीच्या पैशांतले निम्मे सरळ आपल्या पाकिटात टाकले आणि उरलेले तिच्या उशाशी ठेवले. विचारलं काहीच नाही.

आता घरात दोन सायकली आहेत. दुसरी जुन्या बाजारातून आणली, शिकवणीच्याच पैशांतून, आणि तिचा रंग सासूबाईंनी निवडला, भडक पिवळा. शिकवणी संपली की दोघी बाजारातून घरी येतात. सासूबाई पुढे असतात. भाजीवाल्यापाशी घंटी वाजवतात, शिंपिणीच्या दारात वाजवतात, समोर कुणी नसलं तरी वाजवतात. मागून सून ओरडून सांगते, की आई, जरा हळू. त्यांना ते ऐकू जात असणार, कारण त्या आणखी जोरात पेडल मारतात.