सानफोवालीचा चौरंग

"आजी, सोडा तो चौरंग. पाय निखळेल त्याचा."

"निखळू दे. माझ्या घरातला आहे."

"होता," जुनं सामान घेणारा म्हणाला. "तुमच्या सुनेनं सकाळी आपल्या हातानं दिला. बदल्यात नवंकोरं गोल टेबल घेतलंय. घडीचं, चकचकीत. सगळं घर बसेल त्याच्याभोवती."

नावेच्या धक्क्यावर त्याची हातगाडी उभी होती. रजयांच्या पेट्या, तांदळाच्या लाकडी कोठ्या आणि त्यांच्यावर पालथे घातलेले, एकेका माणसाने जेवायचे दहाबारा चौरंग. साऱ्या गावाने घरावरचे गवत काढून पत्रे घातले, तसे घरातलेही जुने ते सगळे बाहेर चालले होते. सानफोवालीने मात्र आपला चौरंग लांबूनच ओळखला होता. वाघाच्या पायांसारखे बाकदार पाय, तांबूस लाख आणि एका कडेला तिच्याच बोटांनी झिजलेली जागा.

"कुठे नेतोस?"

"सोलला, राजधानीत. तिथून परदेशी मडमा घेतात. दिवा ठेवतात त्यावर, फुलदाणी ठेवतात."

"जेवत नाहीत?"

"जेवायला त्यांना उंच टेबलं असतात, आजी." तो हसला, पण माणूस वाईट नव्हता. "हे बघा, नाव सुटायला वेळ आहे. ते गोल टेबल आणा आणि हा घेऊन जा. माझं काही जात नाही."

सानफोवाली तरातरा घराकडे निघाली. सानफो हे तिचे माहेर. लग्न होऊन आली तेव्हापासून गावाने तिला त्याच नावाने हाक मारली. तिचे स्वतःचे नाव कुणी विचारले असते तर तिलाही जरा आठवावे लागले असते. तो चौरंग तिने आयुष्यभर उचलला. भात, रस्सा, मासा, लोणची, सगळे त्यावर मांडून स्वयंपाकघराची पायरी उतरायची, अंगण ओलांडायचे आणि नवऱ्यासमोर ठेवून मागल्या पावली परतायचे. पोटुशी असतानाही हे चुकले नाही. तो एकटा जेवायचा. "खारट झालंय," एवढेच बोलायचा, आणि तेही खारट झाले तरच. त्याचे उरलेले अन्न मुलगे खात. मग ती चुलीपाशी भुईवर वाडगा ठेवून जेवायची; पुढे सून आली, नात झाली, त्याही तिथेच.

याची तिला तक्रार नव्हती, कारण तिला नियम ठाऊक होता. घरात जे सर्वांत मोठे माणूस, त्याला स्वतंत्र चौरंग, मग ती बाई का असेना. सासरे गेल्यावर सासूपुढे असाच चौरंग येई आणि म्हातारी राणीसारखी जेवायची. सानफोवालीने तोही उचलला होता, मनात आपली वेळ मोजत.

नवरा मेला, पण चौरंग सोडीना. सुतकाची दोन वर्षे सकाळ-संध्याकाळ त्याच्या फोटोपुढे त्यावरच वाफाळता भात ठेवावा लागला. मेलेला माणूस खारट म्हणत नव्हता, एवढाच काय तो फरक. काल सुतक संपले, सुतकात घालायचे तागाचे कपडे जाळले. आज ती विधीचे उरलेले अन्न गावात वाटायला गेली. आज रात्री ती त्या चौरंगावर जेवणार होती. हे तिने कुणाला सांगितले नव्हते. सांगून मागायची ती गोष्टच नव्हती. आणि नेमके तेवढ्यात सून मालिमने घर आवरायला घेतले.

ती अंगणात आली तेव्हा ओसरीवर ते गोल टेबल मांडलेले होते. मुलगा फिल्हो, दोन नातू, आणि बापाला खेटून नात ओकनान. फिल्हो माशाचे काटे काढून पोरीच्या भातावर तुकडे ठेवत होता. सानफोवालीला त्या एवढ्याशा पोरीचा हेवा वाटला, चक्क हेवा.

"आई, या ना," मालिम उठली. "कुठे गेला होतात? तुमची जागा ठेवलीय यांच्या शेजारी."

"माझी कुठली जागा?"

"गोल आहे ना, आई. सगळ्याच जागा सारख्या."

"माझी वेळ आली तेव्हाच बरं सगळं सारखं झालं."

मालिमला आधी कळलेच नाही. कळले तसा तिचा चेहरा उतरला. "देवा! मला वाटलं, उचलून उचलून तुम्ही कंटाळला असाल त्याला. एकदा बोलायचं तरी होतं!"

"आई, एका लाकडासाठी कशाला..." फिल्हो म्हणाला.

"तू गप बस. त्या लाकडावरचं उष्टं खाऊन वाढलायस."

"मी परत घेऊन येते. हे टेबल द्यायचं ना त्याला? आत्ता देते," म्हणत मालिम वाडगे उचलायला लागली. "उठा रे पोरांनो."

नातू कुरकुरले. ओकनान मात्र लगेच उठली. तिने आपला वाडगा दोन्ही हातांत धरला आणि कुणी न सांगताच स्वयंपाकघराकडे चालू लागली. कुठे बसायचे ते तिला पक्के ठाऊक होते.

सानफोवाली बघत राहिली. धक्क्याकडून नाव सुटत असल्याची नावाड्याची आरोळी आली.

"ए, कुठे चाललीस?" ती खेकसली. "बस तिथंच. बापाशेजारी. गिळ मुकाट्यानं."

मग आपला वाडगा घेऊन ती स्वयंपाकघरात गेली आणि चुलीपाशी भुईवर बसली. मालिम रडत मागे आली. "आई, असं नका ना करू."

"एक लक्षात ठेव. मी गेल्यावर माझा भात त्या गोलावर मांडू नका."

"मग कुठे मांडू?"

"इथे. भुईवर. मेल्यावर मला नव्या सवयी लावू नका."

मालिम डोळे पुसत तिच्या शेजारी टेकायला लागली, तशी सानफोवालीने तिच्याकडे पाठ केली.

"तू जा. तुला आहे ना जागा तिकडे."

मालिम उठून उभी राहिली. मग ओसरीवरून कुणीतरी भात मागितला आणि ती गेली.