सतरा नंबरची उंदरीण
मी सतरा नंबरची पांढरी उंदरीण बोलतेय. नाव मला कुणी ठेवलं नाही. कानाच्या खाचांवरून माणसं मला ओळखतात.

माझा जन्म हैदराबादच्या विद्यापीठातला. तिथला उन्हाळा आम्हाला सोसेना, म्हणून प्राध्यापक किशनराव आमचे पिंजरे घेऊन जरा थंड हवेच्या बिदरला भाड्याच्या घरात आले. आमचं दाणापाणी आणि झाडलोट करायला त्यांनी जवळच्या मुडबी गावची चन्नम्मा कामाला ठेवली.

प्राणी शिकतो कसा, हे किशनराव शोधत होते. ते आम्हाला लाकडी भूलभुलैयात सोडत. वाट सापडली की टोकाला ज्वारीचे दाणे. मला ती कधीच सापडली नाही. त्यांनी शेपटीला धरून उचललं की माझं काळीज फडफडायचं. खाली ठेवल्यावर मी कोपऱ्यात थिजून बसायचे.

एके सकाळी वहीत लिहिता लिहिता ते पुटपुटले, "सतरा, मंदबुद्धी. शनिवारी मारून मेंदू तपासणे."

पिंजरा पुसणारा चन्नम्माचा हात थांबला. "साहेब, ती येडी न्हाई. भ्यायलीय."

"तुला यातलं काय कळतं?"

"तुमचं शास्त्र न्हाई कळत. पण माझ्या हातावर ती दाणं खायलीय, अन् तुम्ही धरलं की मुतायलीय. चार दिस मला उचलू द्या."

किशनरावांनी वही मिटली. आता चन्नम्मालाच कामावरून काढतात की काय, या भीतीनं मी भुशात तोंड खुपसलं. शेवटी ते म्हणाले, "बरं. चार दिवस."

चन्नम्मा मला दोन्ही तळव्यांत घ्यायची, माझा श्वास शांत होईपर्यंत थांबायची, मग भूलभुलैयात सोडायची. तिसऱ्या दिवशी मी दाण्यांपर्यंत पोचले.

किशनरावांनी वही मागे उलटली. माझ्याआधी मंद ठरवून मारलेले अकरा जण होते.

"तेही भ्यालेलेच असतील का, चन्नम्मा?"

"व्हय, साहेब."

त्यांनी ती पानं आडवी खोडली. तेव्हापासून रोज सकाळी आधी चन्नम्मा सांगायची, कोण जेवलं, कोण आजारी, आणि ते लिहून घ्यायचे. परवाच ती म्हणाली, "सतराला पळवू नका. पोटुशी हाय." त्यांनी पळवलं नाही.

आता उन्हाळा सरला, पिंजरे हैदराबादला परत निघालेत. "तू येशील का?" असं किशनरावांनी तिला विचारलं. "घरी विचारून सांगते," म्हणून ती काल मुडबीला गेली. अजून आलेली नाही. बाहेर गाडी भरायला लागलेत. मी कोपऱ्यात भुसा ओढून घरटं करतेय. तुम्हाला ती रस्त्यात भेटली, तर एवढं सांगा: पिल्लं आजउद्या होतील, लवकर ये.