किस्ट वाजवणारी बाई

सुबोध पुण्याला परत गेला आणि वृंदाला तबल्याची साथ उरली नाही. फोरबर्गच्या मराठी मंडळात तिचं पेटीवादन ठरलं होतं. नेदरलँड्सला आल्यापासून, म्हणजे अकरा वर्षांत, पहिलंच.

"अ‍ॅपवर ठेका लावा की, वृंदाताई," मंडळाचे दिलीप म्हणाले.

"अ‍ॅप माझं ऐकत नाही. मी लय वाढवली तरी ते आपलं तिथेच."

"मग महिनाभरात माणूस आणा. नाहीतर तुमच्या जागी अंताक्षरी."

अंताक्षरी! वृंदाने त्याच दिवशी वादकांच्या एका डच मासिकात छोटी जाहिरात दिली. पेटीला डच शब्द शब्दकोशातून काढला: 'मी किस्ट वाजवते. तालाची साथ हवी.'

जाहिरात छापून आली तेव्हा तिची मुलगी सानिका सोफ्यावर लोळून हसली. "आई, किस्ट म्हणजे कॉफिन! यू प्ले द कॉफिन!"

"पेटी म्हणजे पेटी," वृंदा म्हणाली. कान मात्र तापले होते.

एकच उत्तर आलं. बाडहूव्हडॉर्पचा विम, विमानतळावर माल चढवणारा. 'मीही खोकंच वाजवतो,' त्याने लिहिलं होतं. शनिवारी तो आला आणि आणलेल्या लाकडी खोक्यावर बसून त्याने दोन्ही हातांनी ताल धरला. मग पेटीकडे बोट दाखवून म्हणाला, "पण हे तर हार्मोनियम!"

"आमच्याकडे हेच खोकं."

सोळा मात्रा त्याला सोप्या गेल्या. अडलं ते खालीला, ठेका जिथे हलका व्हायला हवा तिथे. नववी मात्रा आली की विम सवयीने मध्यभागी दणका द्यायचा. वृंदाने खोकं स्वतः वाजवून पाहिलं. मध्यावर खर्ज निघत होता, वरच्या कडेला कोरडा, पातळ आवाज. तिने कागदावर सोळा चौकोन आखले.

"नऊ ते बारा, फक्त कड."

"आणि मधे?"

"मधे हात नाही. कितीही मोह झाला तरी."

तीन शनिवार लागले.

कार्यक्रमात खोकं पाहून पहिल्या रांगेत कुजबुज झाली. पहिल्याच आवर्तनात खाली आली, विमचे हात कडेवर गेले, आणि मागून कुणीतरी "क्या बात!" म्हणालं. दिलीपनी वेळ संपल्याची खूण केली. वृंदाने लय दुप्पट केली. विम क्षणभर चाचपडला, मग मिळाला. तिने तिहाई घेतली: एकदा, दोनदा, आणि तिसऱ्यांदा समेवर दोघं एकत्र आदळले.

सभागृह उभं राहिलं. "वन्स मोअर!" सगळ्यात मोठा आवाज दिलीपचा होता.