वॉटी मेल्ड्रमचा नवा पटर

वॉटी मेल्ड्रमचा उजवा हात पहिल्यांदा दचकला तो एप्रिलमध्ये, गोल्फच्या मैदानावर, दुसऱ्या होलवर. चेंडू होलपासून दोन फुटांवर होता. एवढ्याशा अंतरावरून पटरनं, म्हणजे गोल्फच्या आखूड काठीनं, चेंडू हलकेच आत ढकलायचा, शाळेतलं पोरही चुकत नाही. वॉटीनं नेम धरला आणि ऐन क्षणी, पाठीमागून कोणी अचानक हाक मारावी तसा, मनगटानं हिसका दिला. चेंडू होलच्या बाजूनं निघून चार फूट पुढे जाऊन थांबला. तिथून परत मारला, तोही चुकला.

सकाळचे सात वाजले होते. समुद्रावरून धुकं आत आलं होतं आणि मैदानावर दुसरं कोणी नव्हतं. कोणी पाहिलं नाही हे बरंच झालं म्हणायचं, पण वॉटीला तेच जास्त लागलं. तिघं दोस्त असते तर निदान पोट धरून हसले तरी असते.

इन्व्हरकेलीच्या मैदानावर वॉटी धरून ते चौघं तीस वर्षं दर शनिवारी एकत्र खेळले. त्यातल्या सँडी इमरी खाटकाचं हृदय चार वर्षांपूर्वी त्याच्याच दुकानात, गिऱ्हाइकासमोर थांबलं. जॉक टुलॉक मुलीकडे राहायला पर्थला गेला. आमच्या इथल्या, जवळच्या पर्थला नव्हे, ऑस्ट्रेलियातल्या. फर्गस डुथी मोठ्या शाळेत गणित शिकवायचा. तो गेली दोन वर्षं चर्चमागच्या लिंडेन हाउसमध्ये, म्हाताऱ्यांच्या आश्रमात होता आणि माणसं ओळखत नव्हता. उरला वॉटी. वय त्र्याहत्तर. जन्मभर मासेमारीच्या बोटींची इंजिनं दुरुस्त केली. लग्न केलं नाही. एका मुलीला विचारायचं मनात होतं, पण त्या हंगामात बोटींची कामं फार होती, आणि पुढच्या हंगामात ती मुलगी गावात नव्हती.

त्या सकाळनंतर हात रोजच दचकायला लागला. लांबून मारताना काही नाही. चेंडू अगदी जवळ आला, की मनगटात कोणीतरी जागं व्हायचं. वॉटीनं क्लबाच्या शनिवारच्या खेळाडूंच्या यादीत नाव लिहायचं सोडून दिलं. क्लबातल्या लोकांना वाटलं, गुडघा दुखतोय. त्यानं तसंच वाटू दिलं.

मे संपता संपता तो एली पिरीच्या दुकानात गेला. दुकान मैदानाच्या फाटकासमोरच. एलीचा बाप गोल्फच्या काठ्या घडवायचा, ती विकायची आणि दुरुस्त करायची. वॉटीला ती लहानपणापासून ओळखत होती.

"अगंबाई, वॉटी! रस्ता चुकलात की काय? मागे आला होतात तेव्हा माझं लग्न व्हायचं होतं."

"आणि आता?"

"आता मोडूनही सहा वर्षं झाली. बोला, काय हवंय?"

"पटर. जुना वाकलाय."

एलीनं त्याच्या हातातून जुना पटर घेतला, एक डोळा मिटून त्याच्या दांड्यावरून नजर फिरवली. "हा तर सुतासारखा सरळ आहे. वाकलंय ते दुसरंच काहीतरी. मारून दाखवा बघू."

दुकानाच्या मागच्या बाजूला हिरव्या सतरंजीचा पट्टा अंथरलेला होता आणि त्याच्या टोकाला एक पेला आडवा ठेवलेला. वॉटीनं तीन चेंडू मारले, तिन्ही वेळा हात दचकला. एली हसली नाही. हसली असती तर बरं, असं वॉटीला वाटून गेलं.

"आता डोळे मिटा आणि मारा."

"मी काय जादूगार आहे?"

"मिटा म्हणते ना."

त्यानं डोळे मिटून मारला. पेल्यात खणकन आवाज झाला.

"बघा. हात ठणठणीत आहे," एली म्हणाली. "भीती शिरते ती डोळ्यांतून. कधीपासून?"

"एप्रिल."

"बाबांचं असंच झालं होतं. वर्षभर त्यांनी घरात कोणाला पत्ता लागू दिला नाही. आईला वाटायचं, पिणं वाढलंय."

तिनं भिंतीवरून तीन पटर काढले. पहिला त्याच्या जुन्यासारखाच, पातळ पात्याचा, फक्त नवा. दुसऱ्याचं डोकं जड आणि मूठ काकडीएवढी जाड. अशा मुठीत मनगटाला वळवळायला जागा राहत नाही, असं ती म्हणाली. तिसरा लांबलचक, छातीपर्यंत येणारा.

"हा घेऊन मी उभा राहिलो तर लोकांना वाटेल, हिरवळ झाडायला माणूस ठेवलाय."

"झाडा की. कोणाची तरी हरवलेली कवळी सापडेल. हे तिन्ही घेऊन जा, आठवडाभर वापरा. सतरंजी खोटं बोलते, गवत बोलत नाही. आणि वॉटी, एकटे बसून ठरवू नका. पटर कसा दिसतो हे दुसऱ्यानं सांगावं लागतं."

वॉटीनं मान हलवली. दुसरा कुठून आणायचा, हे त्यानं विचारलं नाही.

क्लबाच्या इमारतीसमोर सरावाची हिरवळ आहे, पण तिच्यावर वरच्या खिडकीतून सगळ्यांची नजर असते. म्हणून तो भल्या सकाळी जायचा. पातळ पात्याचा पटर हातात आपलासा वाटायचा आणि दगाही पहिल्यांदा तोच द्यायचा. लांबड्यानं चेंडू बरे जायचे, पण त्याच्या सावलीकडे बघून त्याला स्वतःचीच लाज वाटायची. जाड मुठीचा कधी साधायचा, कधी नाही. तीन दिवस हेच चाललं. चेंडू मारून झाला, की तो सवयीनं मान वळवून डावीकडे बघायचा. तिथे सँडी उभा असायचा पूर्वी, खिशात हात घालून. "कसा दिसला रे?" हे शब्द वॉटीच्या तोंडापर्यंत यायचे. डावीकडे दवानं ओलं झालेलं गवत असायचं आणि त्यावर एक समुद्रपक्षी.

चौथा दिवस गुरुवार होता. गुरुवारी तो फर्गसला भेटायला जायचा. या वेळी तिन्ही पटर बरोबर घेऊन निघाला. घरी ठेवायला परत जायचा कंटाळा आला, असं त्यानं स्वतःला सांगितलं.

लिंडेन हाउसच्या दारात डोरोता भेटली. ती पोलंडची. वरच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्यांचं सगळं तीच बघायची.

"मिस्टर मेल्ड्रम, मारामारी करायला आलात का?"

"कोणी ऐकलं नाही तर करीन."

"आज बरे आहेत ते. दोनदा मला सातचा पाढा म्हणायला लावला. पोलिशमध्ये म्हटला तर म्हणाले, चूक."

फर्गस खिडकीशी बसला होता. दाढी नीट केलेली, टाय लावलेला. त्यानं वॉटीकडे पाहून अदबीनं मान झुकवली. तीस वर्षं 'अरे गाढवा' म्हणून हाक मारणारा माणूस दोन वर्षं झाली 'अहो' म्हणत होता, आणि वॉटीला त्याची सवय काही होत नव्हती.

"तुम्ही रेडिएटरवाले ना? खोली अजून गारच आहे."

"बघतो," वॉटी म्हणाला. पहिल्या वर्षी तो 'अरे, मी वॉटी' असं सांगून बघायचा. त्यानं फर्गस घाबरायचा, म्हणून सोडून दिलं.

तेवढ्यात फर्गसची नजर पटरांवर गेली. तो खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठला, कोणाची मदत न घेता. लांबडा त्यानं बोटानं बाजूला सारला. पातळ पात्याचा हातात तोलून परत दिला. "हा तरण्या पोराचा. रात्री झोप लागते त्यानं वापरावा." मग जाड मुठीचा घेतला आणि तडक बाहेरच्या लांब वऱ्हांड्यात गेला. तिथे भिंतीपासून भिंतीपर्यंत गालिचा होता. डोरोतानं पळत जाऊन चहाचा कप आणला आणि पलीकडच्या टोकाला आडवा ठेवला. वॉटीच्या खिशात चेंडू होतेच.

फर्गसनं पाय रोवले, खांदे सैल सोडले. चहाची बशी धरताना थरथरणारे त्याचे हात पटर धरल्यावर शांत झाले. पहिला चेंडू कपात. दुसरा कपाच्या कडेला. तिसरा कपात. बाजूच्या खोलीतल्या म्हातारीनं दार उघडून टाळ्या वाजवल्या आणि दार परत लावलं.

"चांगला आहे. कोणासाठी घेताय?"

"माझ्यासाठीच."

"मग मारा. लाजताय काय?"

वॉटीनं मारला. हात दचकला. चेंडू भिंतीला जाऊन थडकला. फर्गस काही वेळ त्याच्या मनगटाकडेच बघत राहिला.

"माझा एक दोस्त अगदी असाच मारायचा," तो म्हणाला. "वॉटी नाव त्याचं."

डोरोतानं वॉटीकडे पाहिलं. वॉटीनं तिला नजरेनंच गप्प राहायला सांगितलं.

"असाच म्हणजे?"

"हात दचकायचा. वीस वर्षं."

"वीस? एवढी नसतील."

"मी गणित शिकवतो. वीस म्हणजे वीस. पण त्याला ते माहीत नव्हतं. आम्ही माहीत होऊ दिलं नाही. चेंडू जरा जवळ आला, की तो मारायच्या आत आमच्यातला कोणीतरी म्हणायचा, 'झालं झालं, उचल, गेलाच म्हणून समज.' तेवढी सूट चालते दोस्तांत. तिघांचं ठरलेलं होतं. सँडीची पाळी असायची, मग जॉकची, मग माझी."

ते सगळे शनिवार वॉटीच्या डोळ्यांपुढून गेले. सँडी खिशात हात घालून म्हणतोय, उचल. जॉक शिटी मारत म्हणतोय, उचल रे. त्याला नेहमी वाटायचं, आपण इतके जवळ मारतो, की पुढे खेळायची गरजच पडत नाही. तिघं पांगल्यावर एकटा खेळतानाही तो असे चेंडू सवयीनं उचलूनच घ्यायचा, ते थेट एप्रिलच्या त्या सकाळपर्यंत.

"असं का करायचात?" शेवटी त्यानं विचारलं.

"चुकला की त्याचं तोंड एवढंसं व्हायचं हो. घरी जाऊन कोणाला सांगणार? घरी कोणी नाही. आम्हाला बायका होत्या ओरडायला. मग आठवडाभर ते तोंड घेऊन तो एकटा बसणार. त्यापेक्षा उचल म्हटलेलं बरं."

"आता कुठे असतो तो?"

फर्गसनं वऱ्हांड्याच्या टोकाकडे, जिन्याकडे पाहिलं. "येत नाही. गुरुवारी येईन म्हणाला होता. मी टाय लावून बसतो. रागावला असेल कशावरून तरी."

"रागावलेला नाही तो," वॉटी म्हणाला. "फर्गस, अरे, मीच तो. मी वॉटी."

चुकीचं उत्तर देणाऱ्या मुलाकडे बघावं तसं फर्गसनं त्याच्याकडे बघितलं, प्रेमानं पण ठामपणे. "नाही हो. वॉटीचे केस काळेभोर आहेत." आणि मग, पाहुण्याला वाईट वाटू नये म्हणून, "इकडे या. त्याला कधी सांगता आलं नाही ते तुम्हाला सांगतो. त्याला सांगितलं असतं तर कळलं असतं ना, की आम्हाला माहीत आहे."

त्यानं वॉटीच्या मागे उभं राहून त्याचे हात जाड मुठीवर नीट ठेवले. उजवा हात नुसता टेकवायचा, काम डाव्याला करू द्यायचं. श्वास सोडायचा आणि तो संपायच्या आत मारायचं. कपाकडे बघायचं नाही, चेंडूच्या जागी उरणाऱ्या गालिच्याकडे बघायचं. फर्गसच्या अंगाला आश्रमातल्या साबणाचा वास येत होता. वॉटीनं श्वास सोडला आणि मारला. हात दचकला नाही. चेंडू कपात गेला.

"हं," फर्गस म्हणाला. "रेडिएटरवाल्याला जमलं."

दुसऱ्या दिवशी वॉटीनं दोन पटर दुकानात परत दिले.

"जाड मुठीचा?" एलीनं विचारलं. "कोणी ठरवलं?"

"फर्गसनं."

एलीचा हात गल्ल्यावर क्षणभर थांबला. मग तिनं पटरच्या मुठीवर, हात घसरू नये म्हणून, एक फीत फुकट गुंडाळून दिली आणि हवापाण्याबद्दल बोलत राहिली.

जूनच्या पहिल्या शनिवारी वॉटीनं यादीत नाव लिहिलं. जोडीला डंडीहून आलेले दोन अनोळखी गृहस्थ मिळाले. एक दातांचा डॉक्टर होता आणि दुसरा त्याचा मेव्हणा. माणसं भली होती. पाचव्या होलवर वॉटीचा चेंडू हातभर अंतरावर थांबला, तेव्हा डॉक्टर हसून म्हणाला, "उचला, उचला. गेलाच तो."

वॉटी वाकला आणि तसाच थांबला. त्यानं डॉक्टरच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं. तिथे काहीच नव्हतं. दया नव्हती, ओळखही नव्हती. त्या माणसाला नुसती पुढे जायची घाई होती.

"नको. मारतो मी."

त्यानं श्वास सोडला, मारला. चेंडू होलच्या कडेवर गोल फिरून बाहेर आला. दोघं पाहुणे समुद्राकडे बघायला लागले. अठरा होल झाल्यावर त्यांनी एक-एक घोट घेऊ या म्हणून आग्रह केला, पण वॉटीनं घरी काम असल्याचं सांगितलं. घरी गेला, कालचं सूप गरम केलं आणि ते उभ्या उभ्याच प्यायला. शनिवारच्या यादीत त्यानं पुन्हा नाव लिहिलं नाही.

गुरुवार मात्र त्यानं एकही चुकवला नाही. उन्हाळाभर तो पटर घेऊन गेला. डोरोता कप ठेवायची. फर्गस दर वेळी विचारायचा, कोणासाठी घेताय, आणि दर वेळी पहिल्यापासून सगळं शिकवायचा. डावा हात, श्वास, गालिचा. वॉटी दर वेळी नव्यानं शिकायचा. हात अधूनमधून दचकायचा, पूर्वीइतका नाही. वॉटीचं नाव फर्गसच्या तोंडी पुन्हा आलं नाही.

ऑगस्टच्या शेवटी वॉटीला राहवलं नाही. चेंडू गोळा करता करता, सहज विचारल्यासारखं त्यानं विचारलं, "तुमचा तो दोस्त आला का हो? वॉटी?"

फर्गसनं आठवायचा मनापासून प्रयत्न केला. कपाळावर आठ्या आल्या, ओठ हलले.

"कोण?" तो म्हणाला.

"काही नाही," वॉटी म्हणाला आणि चेंडू त्याच्या पायाशी ठेवला. "मारा. तुमची पाळी."